जीपच्या पोटातला ठोका

बन्सी पेट्रोलचा डबा घेऊन आला, तोवर त्याची बहीण द्वारका आणि तिची मैत्रीण राहत यांनी जीपच्या टाकीतलं जुनं पेट्रोल बादलीत काढून ठेवलं होतं. दिवाळीची सुट्टी होती. बन्सी-द्वारकाचे आजोबा, नाना, गारखेड्याच्या मळ्यात गेले होते आणि रामकिसनकाका औरंगाबादेत. दोघं परतायच्या आत काम उरकायचं होतं.

"पंपावरूनच भरला ना?" राहतने विचारलं.

"माझ्यासमोर भरला. आता तरी सांग, कशासाठी?"

राहतने डबा त्याच्या हातातून घेतला. बोलली असती तर रडू आलं असतं, आणि तिला रडायचं नव्हतं, भांडायचं होतं.

तिचे अब्बा मोहियोद्दीन ही जीप बन्सीच्या जन्माआधीपासून चालवत होते. महायुद्धाच्या काळातली ही गाडी नानांनी लिलावात घेतली होती. गेल्या आठवड्यात ती ठोके मारायला लागली. मोहियोद्दीन पेट्रोल विकून टाकीत रॉकेल ओततो, म्हणून इंजिन ठोकतं, असं रामकिसनकाकांनी सांगून टाकलं. नानांनी काही तपासलं नाही. चावडीसमोर, चार लोकांदेखत त्यांनी मोहियोद्दीनला चोर म्हटलं आणि किल्ली काढून घेतली. उद्या ते पोलीस ठाण्यात तक्रार देणार होते. तेव्हापासून द्वारकाने आजोबांशी बोलणं सोडलं होतं.

राहतने टाकी भरली. द्वारकाने खुंटीवरची किल्ली आणून गाडी सुरू केली. नळीतलं जुनं पेट्रोल जळून जावं म्हणून तिघं थोडा वेळ थांबले. ठोका तसाच होता. ठक, ठक, ठक.

"ताजं पेट्रोल घातलं तरी वाजतंच की," बन्सी म्हणाला.

"तेच तर," राहत म्हणाली. "रॉकेल असलं की चढावर आवाज येतो, डब्यात खडे हलवल्यासारखा. हा तसा नाय. हा खालून येतोय, लाकडावर हातोडा मारल्यासारखा. आतलं बेअरिंग झिजलंय."

पण कुठल्या सिलिंडरचं? प्लगची वायर काढली की तो सिलिंडर थांबतो, आणि ठोका त्यातलाच असेल तर तोही मंदावतो. राहतने पायातली रबरी चप्पल काढली. प्लगच्या वायरीला नुसता हात लावला तर झटका बसतो, हे तिला ठाऊक होतं. चपलेत धरून तिने पहिल्या प्लगची वायर उपसली. इंजिन अडखळलं, पण ठोका राहिला. वायर परत बसवून तिने दुसरी काढली. तरीही तोच ठोका. तिसरी काढली आणि ठोका एकदम मंदावला.

"हेच ते," ती म्हणाली. "तेलाशिवाय चालवल्याबिगर बेअरिंग असं एकाएकी जात नाय. अब्बा रोज सकाळी तेल बघतात."

द्वारकाने गाडी बंद केली. मग तेल गेलं कुठं, म्हणून बन्सी गाडीखाली सरपटला. इंजिनखालच्या तेलाच्या टाकीला दगडाचा ताजा पोचा होता. मधल्या चिरेत काहीतरी पांढरट कोंबलं होतं. त्याने नखाने खरवडून हुंगलं.

"साबण आहे. चंदनाचा."

घरात तसला साबण एकच माणूस वापरत असे, आणि दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून ट्रंकेत ठेवत असे. द्वारकाचा चेहरा लालबुंद झाला. गेल्या आठवड्यात ईदला मोहियोद्दीनचाचा सुट्टीवर असताना जीप दिवसभर अंगणात नव्हती, हे तिला आत्ता आठवलं.

नाना आले तेव्हा ती फाटकातच उभी होती. चावडीवरच्या प्रकारानंतर नात पहिल्यांदाच बोलली, तेही हुकूम केल्यासारखं. आधी इंजिन ऐका, मगच घरात जा, असं तिने बजावलं. राहतने सगळं पुन्हा करून दाखवलं. नाना वाकून ऐकत राहिले. इतक्यात रामकिसनकाका आले आणि पोरींना काय कळतं म्हणून हसायला लागले. बन्सीने काही न बोलता साबणाचा तुकडा त्यांच्यापुढे धरला.

काकांचं हसू थांबलं. नानांनी दोनदा विचारल्यावर ते कबूल झाले. दोस्तांना घेऊन ते खुलताबादला गेले होते. दगड लागून तेल गळालं, तरी गाडी तशीच पळवली. नंतर साबणाने चीर बुजवली, नवं तेल ओतलं आणि गप्प बसले.

नानांनी साबणाचा तुकडा हातात घेऊन बघितला. मग त्यांनी राहतच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास, पोरी. मोठ्या माणसानं बघायचं ते तू बघितलंस."

राहत मागे सरकली. "आधी माफी मागा, मग शाबासकी द्या. अब्बांना घरात नव्हतं चोर म्हटलं तुम्ही, चावडीसमोर म्हटलं."

असं त्यांच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. नाना रागावले नाहीत. त्यांनी संध्याकाळी चावडीसमोर लोक जमवले, मोहियोद्दीनला बोलावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चूक माझी. मी न बघता या माणसाला चोर म्हटलं." रामकिसनकाकांनाही तेच बोलावं लागलं, मान खाली घालून.

मोहियोद्दीनने शांतपणे ऐकून घेतलं. गाडी बिघडलेली सोडणं आपल्याला जमायचं नाही, तेवढी नीट करून देतो, असं ते म्हणाले. तिन्ही मुलांना हाताशी घेऊन त्यांनी नवी बेअरिंगं बसवली आणि चीर कथलाची झाळ लावून बुजवून घेतली. इंजिन सुरू झालं तेव्हा नुसती घरघर ऐकू आली. आता मोहियोद्दीनच पुन्हा चालवणार, असं धरून नानांनी हसून पुढची सीट झटकली.

मोहियोद्दीनने किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "गाडी तुमची आहे, नानासाहेब. मी उद्यापासून मुकुंदवाडीला ट्रक चालवायला जातोय."

ते राहतला घेऊन फाटकाबाहेर पडले. नाना किल्ली धरून तसेच उभे होते. द्वारकाने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि ती धावत राहतच्या मागे गेली.