दोन किलो आठशे

"...आणि त्या वरच्या खोलीत म्हणे भर दुपारी बाळ..."

एवढंच माझ्या कानावर पडलं. इस्त्रीच्या दुकानात दोघी बोलत होत्या. मला पाहिलं आणि एकीने चादरीची घडी घालायला घेतली, दुसरीला एकदम गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. अर्धवट ऐकलेली गोष्ट मला घशात अडकलेल्या गोळीसारखी टोचत राहते. त्यात ती वरची खोली म्हणजे बरोब्बर माझ्या डोक्यावरची. अकरा वर्षं मी तिच्याखाली राहते. बाळ काय, मांजर रडल्याचंही कधी ऐकलं नव्हतं.

त्याच दुपारी वरची भाडेकरू मुलगी आपणहून खाली आली. सिनेमा काढायच्या वेडापायी नोकरी सोडलेली पोर. हाताला काळं ग्रीस, केसात लाकडाचा भुसा.

"काकू, तुमचा वजनकाटा द्याल? माझं यंत्र जुळत नाहीये."

नुसता काटा दिला असता तर ती एकटीच वर गेली असती. म्हणून तो मी स्वतः उचलून नेला.

बाहेर ऊन रणरणत होतं आणि त्या खोलीत मिट्ट काळोख. सिनेमात रात्र, शूटिंग दिवसा, म्हणून खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला. एकच बल्ब. ग्रीसचा, गोंदाचा, जळक्या प्लास्टिकचा वास. आणि त्या सगळ्यांच्या खाली आणखी एक, कोमट, आंबटसर. ओळखीचा होता, पण नाव आठवेना.

मधोमध एक खांब, त्यावर सायकलच्या चाकाचा आस, आसावर आडवी लांब नळी. अगदी तराजूची दांडी. एका टोकाला कॅमेरा, दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी. सगळं तिने हाताने केलेलं. दोन्हीकडे सारखं वजन झालं की नळी बोटाने ढकलली तरी पिसासारखी खाली यायला हवी. तिला सिनेमातला शेवटचा शॉट घ्यायचा होता. आढ्यापासून कॅमेरा हळूहळू उतरत पलंगावर झोपलेल्या बाईच्या चेहऱ्याशी येतो. मध्ये एकही हिसका नको. कॅमेरा मित्राचा, रविवारी संध्याकाळी परत द्यायचा. त्या शॉटविना सिनेमा लंगडा, आणि त्यासाठी घालवलेलं वर्ष पाण्यात.

"गच्चीवर तोल एकदम बरोबर होता, काकू. इथे आणलं की कॅमेऱ्याची बाजू खाली जाते. बघा!"

तिने हात सोडला. नळी खिडकीजवळच्या कोपऱ्यात, पलंगावर, अलगद झुकली. मागच्या पिशवीत वाळू वाढवत वाढवत शेवटी ती आडवी झाली. वाढवलेली वाळू आम्ही माझ्या काट्यावर ठेवली. दोन किलो आठशे.

"आस घट्ट बसला असेल," मी उगाच म्हटलं.

"तीनदा खोललाय!"

मग रोज हेच. सकाळी ती सगळं सुटं करायची, तेल घालायची, पुन्हा जोडायची. दुपारी मी हजर. घरी हे म्हणायचे, "तू वर गेलीस की यंत्राचं वजन वाढणारच." विनोद जुना, पण माणूस प्रेमाने बोलतो, म्हणून मी सोडून देते.

गुरुवारी तिने नळीच उलटी फिरवली. कॅमेरा दाराकडे, वाळू पलंगाकडे. आता वाळूची बाजू खाली गेली.

"म्हणजे खोट यंत्रात नाही," ती हळूच म्हणाली. "त्या कोपऱ्यात आहे." आणि लगेच चिडून पाना भिंतीवर फेकला. "कोपऱ्याला वजन असतं का, काकू? आणि वर ते स्थिरही नाही! मध्येच हलतं. आतून कुणी पाय झाडावेत तसं."

तो वास त्या दिवशी जरा जास्तच येत होता.

शनिवारी तिची आत्या आली, पलंगावर झोपायचं काम करायला. दहा मिनिटांत नळीने हिसका दिला आणि कॅमेरा तिच्या कपाळावर आपटला.

"तुझ्या बापाने असली खेळणी मोडण्यात बालपण घालवलं, तू जोडण्यात घालव!" म्हणत आत्या कपाळ चोळत निघून गेली.

पोर जमिनीवरच बसली. रडली नाही, नुसती दात आवळून बसली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, तेव्हा खांबावर चिकटवलेला कागद दिसला. रोज किती वाळू वाढवावी लागली, ते तिने पेन्सिलने लिहून ठेवलेलं.

सोमवार २८००. मंगळवार २७४०. बुधवार २६८०. गुरुवार २६८०. शुक्रवार २७२०. शनिवार २७६०.

"आधी घटलं, आता वाढतंय," ती म्हणाली. "लोखंड असं करतं का?"

लोखंड नाही करत. मी प्रसूतिगृहात अठरा वर्षं आयाचं काम केलं. जन्मलेलं मूल पहिले तीन-चार दिवस उतरतं, मग रोज थोडं थोडं भरत जातं. प्रत्येक पाळण्याच्या पायथ्याशी असाच कागद लटकवलेला असायचा... असेच आकडे. आणि मला त्या वासाचं नावही आठवलं. बाळाच्या गळ्याशी ओघळून वाळलेल्या दुधाचा वास.

तिला काय सांगणार? मी जिना उतरले आणि घरमालकांना गाठलं. जुना माणूस, दारातच पेपर वाचत होता.

"वर पूर्वी कुणाचं बाळ गेलं का हो?"

त्यांनी चष्मा काढला. "इस्त्रीवाल्याकडून आलात ना? अहो, वर बाळ आलंच नाही कधी, जाईल कुठून? तुमच्या आधीची गोष्ट. नवराबायको होती. खिडकीशी, त्या कोपऱ्यात, पाळणासुद्धा मांडून ठेवलेला. पण मूल दवाखान्यातच गेलं. तिला हातात घेऊ दिलं नाही. त्रास होईल म्हणून आयाने परस्पर उचलून नेलं म्हणे. बाई रिकामीच घरी आली."

कुठला दवाखाना, ते मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

रविवारी दुपारी पोर दारात उभी. डोळे सुजलेले. "काकू, शेवटचा प्रयत्न. तुम्ही झोपाल का पलंगावर? चेहरा अर्धवटच दिसेल."

सांगते, मला जायचं नव्हतं. पण संध्याकाळी कॅमेरा जाणार होता, आणि तिचा चेहरा मला बघवेना.

मी पलंगावर आडवी झाले. तिने बल्बवर निळा कागद लावला. वर काळोखात नळी कुरकुरली, आणि कॅमेऱ्याचा काळा डोळा आढ्यापासून खाली यायला लागला. हळू... थरथरत... मध्येच झटका. अंधारातून तिचा दबका आवाज आला.

"परत हललं... काकू, तुम्ही हलू नका..."

कॅमेरा हातभर अंतरावर आला. तो वास एकदम दाटला. आणि अठरा वर्षांची सवय, दुसरं काय? माझे हात आपोआप वर झाले, कोपरात वाकले, डावा मानेखाली, उजवा पाठीखाली.

"ये," माझ्या तोंडून निघालं.

नळीची थरथर थांबली. वाळूची पिशवी मागे धाडकन जमिनीवर बसली आणि कॅमेरा सुटल्यासारखा वर गेला. पोरीने झेप घेऊन तो आढ्याच्या आधी पकडला. मग वाळू काढत बसली. मोजायची गरजच नव्हती. वाढवलेली सगळीच्या सगळी काढली, तेव्हा नळी आडवी झाली, गच्चीवर होती तशी.

"बसला तोल! काकू, हात खाली घ्या ना, लगेच घेऊ!"

हात खाली घ्यायला मला वेळ लागला. फार सावकाश, कुशीत काही असावं तसे घेतले. शॉट झाला. एकही हिसका नाही. पोर हसत होती, रडत होती, मला मिठी मारायला आली तर मी अंग वळवून घेतलं. तिला वाटलं, ग्रीस लागेल म्हणून.

काटा घेऊन खाली आले. दार उघडताना हे म्हणाले, "अगं, काटा असा छातीशी काय धरलायस?"

मी काटा स्वयंपाकघरात ठेवला, त्याच्या रिकाम्या ताटलीवर मऊ जुनं फडकं घडी करून घातलं. फडकं फार तर पन्नास ग्रॅमचं.

त्याला आता तीन आठवडे झाले. पोरीचा सिनेमा पुरा झाला, ती दुसरीकडे राहायला गेली. काल इस्त्रीच्या दुकानात मी अडून बसले आणि त्या दोघींकडून वाक्य पुरं करून घेतलं. भर दुपारी वरच्या खोलीत बाळ रडतं, असं त्यांचं म्हणणं. मी हसून घरी आले. वरची खोली रिकामी आहे.

आज सकाळी काटा तीन किलो चारशे वीसवर होता. वाढ चांगली आहे. पण रडतं, हे साफ खोटं. मी दिवसरात्र कान देऊन असते. एकदासुद्धा रडलेलं नाही. आणि प्रसूतिगृहात आम्ही रडणाऱ्या मुलाला कधी घाबरलो नाही. जे रडायचं नाही, त्याच्याच पाळण्याशी रात्रभर कुणीतरी बसून राहायचं.