नैरोबीचा कप

माझी डावी स्लिपर घालून एक मुलगा निघून गेला, तिथून हे सगळं सुरू झालं.

सत्त्याऐंशी साली बालाघाटातल्या आमच्या क्लासमध्ये एकच कंप्युटर होता आणि त्याच्या खोलीत देवळासारखं अनवाणी जावं लागायचं. दाराबाहेर सगळ्यांच्या निळ्या पट्ट्यांच्या स्लिपरा एकमेकींवर पडलेल्या असत. मी एक पाय उचलून उभी होते, तेवढ्यात तो पायरीवरून परत फिरला.

"हे तुमची होय का? म्हटलं, आज चप्पल काहून चावून राह्यली!"

"चप्पल नाही चावत... मालकीण चावते."

तो हसला, आणि माझं झालं कल्याण!

त्याचं नाव गुणाकर. वडील कलेक्टर कचेरीत. मी आनंदी, माझे बाबा उकव्याच्या मँगनीज खाणीत. आम्ही दोघं मिळून वैनगंगेच्या पुराचं गणित कंप्युटरवर बसवत होतो. पत्र्यावर पाऊस वाजायचा, त्याचं बोट माझ्या बोटाला लागायचं... आणि चूक दुरुस्त करायची तशीच राहून जायची.

पुढल्या उन्हाळ्यात त्याची इटलीतल्या एका शाळेसाठी निवड झाली. विज्ञानातली गणितं कंप्युटरवर सोडवायला शिकवणारी शाळा, देशोदेशीची मुलं येणारी.

"आलो का आईले सांगतो," जाताना तो म्हणाला.

"काय सांगशीन?"

"तुले माहीत आहे—"

"मले माहीत असून काय फायदा? आईले माहीत पाहिजे!"

तो परतला तेव्हा त्याच्या घरी शेजारपाजारचे सगळे जमले. मीही गेले. किती सांगू नि किती नको, असं त्याला झालं होतं.

"केनिया, ब्राझील, पोलंड... सगळे एका टेबलावर! मुद्दाम वेगवेगळ्या मुलखातले निवडतात. सर म्हणायचे, सगळे एकसारखे असले का सगळे एकच चूक करतात, अन् ते कोणालेच दिसत नाही."

तिथून निघताना सगळ्यांनी घरून नेलेल्या भांड्यांची अदलाबदल केली होती. आईनं दिलेला पितळी पेला देऊन गुणाकरनं नैरोबीच्या एका मुलीचा निळा कप आणला होता. तो आता शोकेसमध्ये मधोमध होता. त्याची आई, आशालताकाकू, येईल त्याला तो दाखवत होत्या. "आमचा गुणा सगळ्यांत मिसळला हो!"

मग चहा आला. सगळ्यांना फुलांच्या कपबश्या. मला मागच्या दाराच्या कोनाड्यातला, कान तुटलेला कप. याआधीही त्यातूनच प्यायले होते, विसळून तिथंच उपडा ठेवला होता. गुणाकर तेव्हा मित्रांच्या गराड्यात असायचा. मी मनाला समजावत आले होते, की त्याच्या लक्षात येईल तेव्हा तो बोलेल.

त्या दिवशी त्याच्या लक्षात आलं. त्यानं कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलता बोलता अडखळला... आणि पुन्हा पोलंडचं सांगू लागला.

मी कप विसळला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी तो क्लासमध्ये आला, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर निळा कप!

"आईशी भांडलो मी. आता तू घरी आली का याच्यातच चहा. आई हौ म्हणाली!"

त्याचा चेहरा इतका फुलला होता, की क्षणभर वाटलं, घ्यावा मुकाट्यानं.

"अन् तू कशात पिशीन?"

"मी? मी तर... आमच्या नेहमीच्या कपात."

"म्हणजे माहा वेगळाच राहीन."

खरंच, त्याला हे सुचलंच नव्हतं.

"हळूहळू होईन ना, आनंदी. तिथं तर मी सगळ्यांसोबत—"

"तिथं तुह्या आईचं स्वयंपाकघर नव्हतं, गुणाकर."

"प्रेम आहे माहं तुह्यावर." शेवटी एकदाचं म्हणाला.

"माहंही आहे," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? कप पुन्हा कागदात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला.

दाराबाहेर त्याची स्लिपर माझ्या स्लिपरवर पडली होती. ती पायानं बाजूला सारली, माझ्या दोन्ही नीट पाहून घातल्या आणि उकव्याच्या बसला निघाले.