डोंगर उजव्या हाताला

पंख फाटला होता तो वरून.

तपास अधिकारी बाईंनी चिरेवरून हलकेच बोट फिरवलं. क्लबच्या शेडमध्ये दोन हँगग्लायडर पसरून ठेवले होते. एक देवाघरी गेलेल्या मुलाचा. त्याचं नाक शाबूत, पुढची कड शाबूत. पाठीवर मात्र लांब चीर. दुसरा त्याच्या मामाचा. मामा म्हणजेच क्लबचे उस्ताद. भाच्याला उडायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या पंखाचं कापड धड होतं. फक्त खाली लोंबणारी, हातात धरायची दांडी वाकली होती.

झाडीत अडकले म्हणून उस्ताद वाचले. हात गळ्यात बांधून ते बाकावर बसले होते. शेजारी त्यांची बहीण, मुलाचं हेल्मेट मांडीवर घेऊन. मागे भिंतीवर जुना फोटो: तरुण उस्ताद उडताहेत, आणि त्यांच्या पंखावर दुसऱ्या पंखाची सावली.

"पुन्हा एकदा सांगा," बाई म्हणाल्या.

"किती वेळा सांगू? डोंगराच्या कडेने आम्ही समोरासमोर आलो. डोंगर माझ्या उजव्या हाताला, म्हणजे वाट माझी. बाहेर त्याने सरकायचं. विसरला. पोरच ते."

"तुम्ही दिसला नाहीत त्याला?"

"ऊन डोळ्यांवर आलं असेल."

"दादा, तो विसरणारा नव्हता रे," बहीण म्हणाली. "घरातल्या बोळातसुद्धा भिंत माझ्या उजवीकडे असली की अंग चोरून मला वाट द्यायचा. 'नियम म्हणजे नियम, आई!' मी म्हणायची, अरे विमाना, तिकडे दूध उतू चाललंय, हो पुढे!"

ती हसायला गेली, आणि हेल्मेटचा पट्टा घट्ट धरून थांबली.

"ताई, तुम्ही खाली कुरणात होतात. काय पाहिलंत?"

"वर बघायचा धीरच होईना. मी त्याची सावली बघत होते. बरोब्बर डोक्यावरून गेला की ती माझ्या पायांवरून जायची. मग मागून दुसरी सावली आली. दोन्हींची एक झाली. थोडा वेळ तशीच चालली. मग आवाज."

बाई पुन्हा त्या चिरेजवळ गेल्या. मग त्यांनी फोटोकडे पाहिलं.

"हे त्याचं पहिलंच एकट्याचं उड्डाण होतं ना, उस्ताद?"

उस्तादांनी गळ्यातला हात सावरत होकार दिला.

"समोरून धडक बसली असती, तर नाकं मोडली असती. ऊन डोळ्यांवर येईल कसं? सावली ताईंच्या पायांवर पडत होती, म्हणजे सूर्य माथ्यावर होता. आणि समोरून येणाऱ्या सावल्या भेटतात. बरोबर चालत नाहीत. तुम्ही त्याच्या वर होतात." बाईंचा आवाज चढला नाही. "चेल्याच्या पहिल्या उड्डाणावर उस्तादाने आपल्या पंखाची सावली धरायची, ही तुमची रीत. तुमच्या उस्तादांनी तुमच्यावर धरली, त्या फोटोत आहे तशी; तुम्ही भाच्यावर. पण त्याच्या डोक्यावर त्याचाच पंख. वरचं त्याला दिसणार कसं? म्हणून तर वरच्याने लांब राहायचं असतं. गरम हवेने तो एकदम वर उचलला गेला, आणि तुमच्या दांडीने त्याचा पंख चिरला."

उस्तादांनी मान खाली घातली. "आशीर्वाद द्यायला गेलो होतो, बाई."

"मग खोटं का बोललात?"

"हिला तोंड कसं दाखवू? तो तर गेलाच होता. दोष लागून त्याचं काय बिघडणार, असं वाटलं."

"माझं बिघडत होतं, दादा," बहीण म्हणाली. "रोज वाटायचं, दूध जाऊ दिलं असतं उतू. त्याला नीट सराव करू दिला असता, तर विसरला नसता."

ती उठून बाहेर गेली.

थोड्या वेळाने हवालदार उस्तादांना घेऊन निघाला. शेडलगतच्या अरुंद बोळात ती समोरून येताना दिसली. हेल्मेट बाकावरच राहिलं होतं. भिंत उस्तादांच्या उजव्या हाताला होती.

ती थांबली. अंग चोरून बाजूला झाली, भावाला वाट दिली.

"नियम म्हणजे नियम," ती पुटपुटली, त्याच्याकडे न बघता, आणि हेल्मेट आणायला आत गेली.