चार फुटी टाकी आणि एक वाकडा सुळा

काचेच्या दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाने आधी काचवाल्याचे दात बघावेत, हे काही रीतीला धरून नाही. पण दातांच्या डॉक्टरिणीचा नाइलाज होता. वेड्यावाकड्या दातांना तारा बसवायच्या आणि दोन वर्षांनी काढायच्या, हाच तिचा व्यवसाय. आरसा कापणाऱ्या त्या उंच माणसाने मान वर केली, हसला... आणि वरचा डावा सुळा किंचित पुढे झुकलेला दिसला. अठरा महिने, तिने मनात म्हटलं. फार तर वीस.

"एखादं पातळ पातं मिळेल? माशांच्या टाकीची फ्रेम काढायचीय. वरची काळी पट्टी."

"का? काय केलंय तिनं तुमचं?"

"जुनाट दिसते. पेशंट बसतात तिथे आणून ठेवलीय टाकी. तीन बाजू सुटल्या, मधला दांडाही निघाला. चौथी बाजू हटून बसलीय."

काचवाल्याने हातातला कटर खाली ठेवला. "पाणी काढलंय ना आधी?"

"पाऊण टाकी आहे. आत साहेब आहेत ना."

साहेब म्हणजे तिच्या बाबांचा नऊ वर्षांचा, नारिंगी, ढेरपोट्या मासा. बाबा निवृत्त झाल्यापासून रोज साहेबांसमोर बसून पेपर वाचत. नोकरीतही ते हेच करत असत, त्यामुळे बदल असा फारसा जाणवला नव्हता.

काचवाला दुकान उघडं टाकूनच निघाला. दवाखान्यात येऊन त्याने टाकीच्या पुढच्या काचेला वरच्या कडेशी स्टीलची लांब पट्टी धरली. पट्टी मधोमध टेकली. दोन्ही टोकं अधांतरी.

"काचेला पोट सुटलंय," तो म्हणाला.

"कितीसं?"

"तीन मिलिमीटर."

"एवढंच?"

"तुम्ही दात तीन मिलिमीटर सरकवायला किती वेळ घेता?"

"...तीन महिने." तिचा आवाज उतरला.

"पाण्याला तेवढा धीर नसतो."

"पण फ्रेम शोभेचीच असते ना?"

"लहान टाकी असेल, काच जाड असेल, तर चालतं फ्रेमशिवाय. ही चार फुटी, आणि काच पातळ. ती काळी पट्टीच पुढच्या-मागच्या काचांना धरून होती. एक सांगा, तार काढल्यावर पेशंटला तसंच घरी धाडता?"

"छे, दात जागेवर धरून ठेवायला रिटेनर देते. नाहीतर दात पुन्हा—" ती थांबली.

"हं," तो म्हणाला. पुढे काहीच न बोलण्याइतका तो सभ्य होता.

टाकीसमोर बसलेल्या बाबांनी पेपर खाली केला. "टाकी गेली तर साहेबांनी कुठं जायचं?"

तिने आणि काचवाल्याने घाईने पाणी उपसलं. साहेबांना टबात हलवताना जाळीची मूठ एक आणि हात दोन, असा प्रसंग आला. साहेब टबात पोचून स्थिरस्थावर झाले, तरी मूठ कुणी सोडली नव्हती.

"टाकी तुम्हाला हवी तशीच दिसेल," तो जाळीकडे बघत म्हणाला. "फ्रेमची चौथी बाजूही काढतो आणि आतून वरच्या कडेला काचेच्याच पट्ट्या चिकटवतो, मध्ये एक आडवी. फक्त... सिलिकॉन वाळायला वेळ लागतो. रोज येऊन बघावं लागेल."

तो रोज पाचच्या सुमारास आला. सिलिकॉनवर बोट टेकवायचा, कपाळाला आठ्या घालायचा, म्हणायचा, "अजून थोडं." मग अर्धा तास बसायचा. पाचचा पेशंट ती हळूहळू चारला बोलवू लागली.

एकदा बाबांनी सिलिकॉनची नळी डोळ्यांशी धरली. "यावर सात दिवस लिहिलंय. आज अकरावा."

"बाबा, चष्म्याचा नंबर तपासून घ्या तुम्ही," ती म्हणाली. तिने ती नळी चौथ्याच दिवशी वाचली होती.

पण नळीलाही मर्यादा असतात. बाराव्या दिवशी पाणी भरलं. स्टीलची पट्टी धरली, काच सरळ, शिस्तीत. टाकीखाली बाबांनी त्या दिवशीचा पेपर अंथरला. दोन दिवसांनी उचलला आणि तोच वाचायला घेतला. एक अक्षर ओलं नव्हतं.

साहेब टाकीत परतले. संध्याकाळच्या उन्हात चारी काचा नुसत्या झळकत होत्या, काळ्या रेघेचा मागमूस नव्हता. आणि डॉक्टरिणीला रडू येईल असं वाटत होतं. कारण आता त्याला यायला निमित्तच उरलं नव्हतं.

काचवाल्याने हत्यारं भरली. दाराशी गेला. परत आला.

"माझा हा सुळा... सरळ करायला दीड-दोन वर्षं लागत असतील ना? दर महिन्याला यावं लागतं म्हणे."

"नाही."

"लागत नाही?"

"मी करणार नाही."

त्याचा चेहरा पडला. "इतका वाईट आहे?"

"पेशंटबरोबर मी फिरायला जात नाही," ती टाकीकडे बघत म्हणाली. "जो पेशंट नाही, त्याच्याबरोबर जाईन... म्हणते."

त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

"आणि सुळा?"

"त्याला हात लावायचा नाही, कुणीच. आहे तसाच हवाय मला." दहा वर्षांच्या धंद्यात तिने सोडून दिलेला हा पहिला दात.

तो हसला. सुळ्यासकट, पूर्ण.

पेपरामागून बाबा म्हणाले, "साहेब, यांचा अर्ज आलाय."

साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं.

"मंजूर," बाबांनी कळवलं, आणि पान उलटलं.