भाराचा तक्ता

प्रवासी पाच, प्रवाशांच्या खुर्च्या सहा, टपालाच्या थैल्या दोन. हाउगेसुंदच्या धक्क्यावर, एके काळी हेरिंग मासळी तोलायच्या काट्यावर, तोराने प्रत्येकाला ओल्या कोटासकट उभं केलं आणि भार तक्त्यात लिहिला. एकूण चारशे बारा किलो. खाली तिची सही.

"बाई, आकडा मोठ्याने वाचू नका. बायको मागेच उभी आहे," प्रवाशांतला जाडजूड लोद्दे कुजबुजला. बायकोसकट सगळे हसले.

धक्क्याआड पाणी शांत होतं. समुद्री विमान ज्यांवर तरंगायचं, त्या तरंड्यांवर एक पांढरी रेघ होती. एवढ्या भाराला ती पाण्याबाहेर दिसायला हवी. आज ती अर्धं बोट बुडाली होती. तोराने मनातल्या मनात गणित केलं. साधारण सत्तर किलो जास्त.

"एइविंद, थांब. परत तोलू सगळ्यांना."

वैमानिक तिचा धाकटा भाऊ. त्याने पश्चिमेच्या काळ्या ढगांकडे हात केला. "ताई, हे दहा मिनिटांत डोक्यावर येईल. तुझा काटा कधी चुकलाय?"

"नाही."

"मग रेघ चुकली. रंगवणारा प्यायला असेल!"

तिने तक्ता त्याच्या हाती दिला.

विमान पाण्यावर फार लांबपर्यंत धावलं. कसंबसं वर उठलं. दीपगृहापाशी पावसाने ते गिळलं, आणि मग इंजिनाचा आवाज एकाएकी थांबला.

तिसऱ्या दिवशी पाणबुड्यांनी सहाही देह वर आणले. चौकशी अधिकारी तोराच्या टेबलापाशी आला.

"खुर्च्यांचे पट्टे कोण तपासतं?"

"वैमानिक."

"सहावी खुर्ची रिकामी होती ना?"

"हो."

"तिचाही पट्टा लावलेला होता. बकल बंद. खाली लोंबत नव्हता, ताठ होता. पोटावर असतो तसा." त्याने टोपी घातली. "काटा तपासून ठेवा, बाई. उद्या तेच विचारतील."

तो गेल्यावर तिने वीस किलोची लोखंडी वजनं एकेक करून काट्यावर चढवली.

वीस. चाळीस. साठ. ऐंशी.

काटा अचूक होता. एका ग्रॅमचाही फरक नव्हता. भावाला आपणच मारलं का, हे तिला आता कुणी विचारणार नव्हतं; ती स्वतः मात्र विचारत राहणार होती.

तिने वजनं उतरवली. शेवटचं जमिनीवर ठेवलं.

काट्याचं रिकामं ताट ओलं होतं. कडेवरून पाणी ठिबकत होतं.

तिने चष्मा पुसला, वाकून आकडा वाचला, आणि सवयीने तक्त्यात लिहिला.

एकाहत्तर किलो.