छातीवरची झोप

"अहो, तुमचं घड्याळ जरा लांब ठेवता का? माझं लक्ष लागत नाही."

नगरच्या कॉलेजातल्या वाचनखोलीत विजयमाला पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली. समोरच्या मुलानं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या. मनगटं रिकामी होती.

"लांब ठेवता येत नाही," त्यानं छातीवर बोट ठेवलं. "इथं वाजतं ते. आणि तुम्ही बोलल्यापासून... जरा जास्तच."

ती चिडली, लाजली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर येऊन बसली.

सूर्यभान नेवाशाकडचा. लहानपणी सांधे धरणाऱ्या तापानं त्याच्या हृदयाची एक झडप निकामी केली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या जागी परदेशी झडप बसवली — इवल्याशा पिंजऱ्यात गोटी. गोटी खाली बसली की टिक्. रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र जन्मभर घ्यायची; ती चुकली, तर झडपेवर रक्त साकळणार. लग्नाचं विचारण्याआधी त्यानं हे सगळं सांगून टाकलं आणि उत्तर ऐकायला नको म्हणून की काय, पाठ फिरवून उभा राहिला.

"गोळीची आठवण मी करीन," ती त्याच्या पाठीला म्हणाली. "तुम्ही नुसतं वाजत राहा."

बाळ झालं ते दुष्काळाच्या वर्षी. विहिरी तळाला गेलेल्या, अंगणात फुफाटा. बाळाला पाळणा चालेना. बापाच्या छातीवर कान टेकला की मात्र डोळे मिटायचे. "आईवर गेलंय," सूर्यभान म्हणायचा, "आवाजावरच भाळतंय." विजयमाला हसायची, पण बाळाचा श्वास चालू आहे ना हे बघायला गेलेला तिचा हात तसाच पुढं सरकून त्याच्या छातीवर थांबायचा.

एका दुपारी बाळ छातीवर झोपेना. कूस बदलून पाहिली, थोपटून पाहिलं. रडून रडून लालबुंद झालं.

"आज बापलेक रुसलात का?" म्हणत तिनं बाळाला उचललं... आणि त्या जागी स्वतःचा कान ठेवला.

टिक् नव्हतंच. गोधडीआड कुणी दार ठोठावावं, तसं काहीतरी.

"गोळी?" तिनं विचारलं.

सूर्यभाननं आईकडं पाहिलं. लंकाबाईंनी पदर तोंडाशी नेला. "घोळणा फुटत हुता त्याचा, नाकातनं सारखं रगत. उन्हाळ्याचं, म्या म्हनलं गोळ्या उष्ण पडत्यात... थोडे दिस बंद ठिव. तुला न्हाई सांगितलं, घाबरशील म्हनून."

नगरच्या डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं. झडपेवर गाठ धरली होती. मुंबईला नेऊन छाती पुन्हा उघडायची, आणि वाटेत काय होईल ते सांगता येत नव्हतं. तान्ह्या बाळाला एवढ्या लांब नेऊ नका म्हणाले. सूर्यभानबरोबर त्याचा थोरला भाऊ गोरक्ष निघाला.

मोटारीच्या खिडकीतून सूर्यभाननं तिला जवळ बोलावलं. त्याला दम लागत होता.

"विजू, त्या दिवशी वाचनखोलीत सगळे बाक मोकळे होते. तुला ऐकू जावं म्हणूनच समोर बसलो होतो."

"ठाऊक होतं मला."

"मी येईपर्यंत ह्याला झोपवशील कशी?"

तिनं बाळाला खांद्यावर घेतलं. मंगळसूत्राच्या दोन वाट्या बोटांत धरून हलकेच एकमेकींवर आपटल्या. टिक्... टिक्... बाळाची मान कलंडली. सूर्यभान हसला, मोटार वळेपर्यंत हसतच होता.

मुंबईहून गोरक्ष एकटाच परतला.

दहाव्याला बायकांनी विजयमालाच्या गळ्यातलं काढून लंकाबाईंच्या ओंजळीत ठेवलं. ते पेटीत जायचं, तशी रीत. आत बाळानं आकांत मांडला होता. विजयमाला उठायला लागली.

मग रडणं थांबलं.

ती भिंत धरून दारापर्यंत आली. लंकाबाई बाळाला मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. बाळाचे डोळे मिटलेले, आणि त्याच्या कानाशी धरलेल्या दोन वाट्या त्या बोटांनी वाजवत होत्या — टिक्... टिक्...