डावा आरसा

मावशीला गाडी विकायची होती. बस, सुरुवात इतकी साधी. मनगटं सुजायला लागली होती आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, वाकून चालवायची असली गाडी आता पुरे. रडत बसणं मावशीच्या स्वभावात नव्हतं. मोटारसायकलींच्या सीट शिवायचा तिचा धंदा, आणि जीभ सुईपेक्षा टोकदार. तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा तिला मावशीच म्हणत.

ती लाल गाडी मात्र तिचा जीव की प्राण. रेसच्या गाडीसारखी करायला तिने काय कमी खटाटोप केले? हँडल खाली उतरवलं, पाय ठेवायची जागा मागे सरकवली, टाकी अरुंद करून घेतली, मागची सीट कापून टाकली. इतकी वर्षं गाडी ट्रॅकवरच पळाली. आता विकायची तर ती रस्त्यावर चालायला हवी, म्हणून हॉर्न लावला, इंडिकेटर लावले आणि दोन आरसे बसवले. ट्रॅकवरच्या गाडीला आरसे नसतात. तिथे मागे बघणाऱ्याचं काही खरं नसतं.

आरसे बसले आणि भानगड सुरू झाली.

पहिलं गिऱ्हाईक बँकेतला कॅशियर. मोठ्या तोऱ्यात चक्कर मारायला गेला आणि गाडी ढकलत परत आला, चेहरा पांढराफटक. माझ्या मागावर कोणाला पाठवलं होतं, एवढंच विचारून त्याने किल्ली परत दिली. दुसरा व्यायामशाळेतला मास्तर, दंड मांडीएवढे. त्याने गाडी नेली आणि दुसऱ्याच दिवशी टेम्पोत घालून परत आणली. डाव्या आरशात कोणीतरी दिसत होतं म्हणे. तो बघत राहिला आणि गाडी रस्ता सोडून खड्ड्यात गेली. गाडीचा नियमच आहे, जिकडे नजर तिकडे चाक. हात गळ्यात अडकवून मास्तर दारात उभा होता आणि मावशीला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तिने आरसा बदलला. कोरा करकरीत आणला, तरी बघणाऱ्यांना तेच दिसलं. घड्याळं दुरुस्त करणारे तिचे यजमान, सगळ्यांचे काका, म्हणाले, जाहिरातीत लिही की गाडीबरोबर सोबत फुकट. मावशी हसली, पण तिला झोप लागेना.

अशात ती पोरगी आली. रुग्णवाहिका चालवायची. ती गाडीवर बसली मात्र, मावशीच्या मनाने कौल दिला की गाडी द्यायची तर हिलाच. नाहीतर भंगारवाला टपून बसलाच होता, तो तिचे सुटे भाग करून विकणार. पण मागे ते लचांड घेऊन पोरीला कसं धाडायचं? मावशीने काहीएक न लपवता सगळं सांगून टाकलं.

"मावशी, रोज मरणाच्या पुढेच गाडी पळवते मी. द्या."

"आज नाही. उद्या संध्याकाळी ये. आधी मी त्याला भेटते."

दुसऱ्या दिवशी लख्ख दुपारी मावशीने गाडी काढली. बंद पडलेल्या दगडखाणीकडे डोंगरातून जाणारा जुना रस्ता होता, तिकडे आता कोणी फिरकत नसे. काका दारापर्यंत आले आणि म्हणाले, "आरशावर रुमाल बांधून जा."

"आणि त्या पोरीने काय जन्मभर रुमाल बांधायचा?"

काकांनी तिच्या हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

सुरुवातीची वळणं निवांत गेली. इंजिनाचा आवाज कड्यावर आपटून परत येत होता, हवेला तापल्या दगडाचा वास होता. मग तो वास एकाएकी गेला. हेल्मेटच्या आत ओल आल्यासारखा, वर्षानुवर्षं बंद असलेल्या खोलीचा वास भरला... उजव्या आरशात रिकामा रस्ता होता. डाव्यात तो होता.

काळा. गाडीवर पार वाकलेला. दिवा नाही, आवाज नाही. एवढ्या उन्हात खाली सावलीसुद्धा नाही...

मावशीची नजर क्षणभर आरशावर रेंगाळली, तेवढ्यात चाक दरीच्या कडेला गेलं आणि खडी खाली उडाली. तिने कशीबशी गाडी सावरली. बघायचं नाही, तिने स्वतःला बजावलं. बघितलं की संपलं. तरी प्रत्येक वळणावर तो जवळ येतोय हे तिच्या मानेला कळत होतं.

शेवटच्या वळणावर तो आरशातून नाहीसा झाला. हुश्श म्हणायच्या आत तिला समजलं, आता तो मागे नाही, शेजारी आहे. डोळ्याच्या कोपऱ्यात त्याचं पुढचं चाक होतं, तिच्या गुडघ्याला लागून... आणि ते चाक फिरत नव्हतं.

"बघ की..." अगदी कानाशी कोणीतरी म्हणालं. "इकडे बघ की..."

भीतीने खरं तर तिथेच हातपाय गळायचे. पण मावशीला आला राग. उभ्या आयुष्यात तिने कोणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं, आणि पेट्रोलसुद्धा न भरणारा हा कोण टिकोजीराव लागून गेला? तिने नजर वळणाच्या टोकावर रोवली. गुडघा रस्त्याला घासेपर्यंत गाडी कलंडवली. मनगटातून कळ डोक्यात गेली, तरी ॲक्सिलरेटरची मूठ होती नव्हती तेवढी पिळली.

"मागे राहा," ती दातओठ खात म्हणाली. "मागेच राहा..."

गाडीने अशी काही झेप घेतली की बस! खाणीचं गंजलेलं फाटक मागे पडलं तेव्हा कुठे मावशीने आरशात पाहिलं. रस्ता, ऊन आणि तिनेच उडवलेली धूळ. दुसरं काही नाही. ती हेल्मेटच्या आत एवढी हसली की काच धुरकट झाली.

घरी येऊन ती काकांना एवढंच म्हणाली, "हरवलं त्याला."

संध्याकाळी पोरगी त्याच रस्त्याने चक्कर मारून आली ती लालबुंद होऊन, कानापर्यंत हसत. आरसा स्वच्छ होता. ती गाडी घेऊन निघाली तेव्हा अख्खी गल्ली बघायला बाहेर आली आणि कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. मावशी चारचौघांत रडली, आणि तिला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

काही दिवसांनी ती दुकानात सीट शिवत बसली असताना पोरीचा फोन आला. गाडी लोण्यासारखी पळते, आरशात काही नाही, सगळं छान. मग तिचा आवाज उतरला.

"मावशी... तुम्ही अगदी तश्शीच दुसरी गाडी घेतलीत का?"

नाही बाई, मावशी म्हणाली, मी तर इथे मशीनवर बसलेय.

"मग खाणीच्या रस्त्यावर माझ्या पुढे एक बाई असते. आत्तासुद्धा होती. तुमच्यासारखीच वाकते. मी किती पळवली तरी सापडत नाही... आणि तिच्या मागे अगदी चिकटून एक काळा माणूस आहे, दुसऱ्या गाडीवर."

मावशीचा पाय मशीनवरून निघाला. तिने हळूच विचारलं, "पुढे कोण आहे?"

"बाई. बाईच पुढे आहे, मावशी."

मावशीने फोन ठेवला. तिचा उजवा तळहात थरथरत होता. वयाने थरथरतो तसा नाही, भरधाव गाडीच्या मुठीवर थरथरतो तसा, एकसारखा. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने रिकाम्या हवेतच मूठ वळली आणि अजून थोडी पिळली.